पत्रा आधी बघा, किलोमीटर मागाहून

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देतो:

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा घरापासून 11 किलोमीटर, वाटेत दोन वहाळ आणि एक घाटी. स्कूटरवर बरेच पावसाळे काढले, आता नको वाटतं. सासूबाईंना महिन्यातून एकदा डेरवणच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, तेव्हाही दर वेळी कुणाची तरी गाडी शोधावी लागते. यजमान बोरिवलीला असतात, गणपती-शिमग्याला येतात. सगळं मिळून 3 लाख रुपये जमवलेत, कर्ज नको. तीन गाड्या समोर आहेत. चिपळूणला एका एजंटाकडे 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 38 हजार किलोमीटर, चकाचक रंग, 2 लाख 10 हजार. कऱ्हाडला एका निवृत्त गृहस्थांची 2015 ची वॅगनआर, 82 हजार किलोमीटर, डावी बाजू खरचटलेली, 2 लाख 70 हजार. आणि दिरांच्या ओळखीतली मुंबईची 2014 ची डिझेल सेडान, 1 लाख 10 हजार किलोमीटर, 2 लाख 80 हजार. दीर म्हणतात डिझेलच घ्या, ॲव्हरेज बघा. मला चिपळूणची आवडली, कमी चाललेली आणि स्वस्त. काय करू? आणि गाडी आलीच तर खाऱ्या वाऱ्यात टिकवायची कशी? शेजाऱ्यांच्या गाडीचा दरवाजा खालून हाताने मोडतोय."

ताई, तुम्ही शेवटी लिहिलंत ते मी सगळ्यात आधी धरतो. शेजाऱ्यांचा तो दरवाजा लक्षात ठेवा आणि त्याच नजरेनं तिन्ही गाड्यांकडे बघा. इंजिनाचं काम निघालं तर ते खेडला होतं, दापोलीत होतं, पैसे जातात पण होतं. क्लच प्लेट मिळते, शॉकअप मिळतात, वायरिंग बदलता येतं. गाडीचा खालचा पत्रा एकदा पापडासारखा सुटायला लागला की त्याला ठिगळं मारत बसावं लागतं, आणि दर पावसाळ्यानंतर नवं ठिगळ. पुण्यात जुनी गाडी घेणारा आधी किलोमीटर विचारतो. आपण समुद्रालगत राहणाऱ्यांनी आधी गाडीखाली वाकायचं.

गंज वरून दिसत नाही, ही त्यातली खरी अडचण. दरवाज्याखाली जी आडवी पट्टी असते तिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. ती आतून पोकळ असते. चाकांनी उडवलेला जांभ्याचा लाल चिखल तिच्यात आणि चाकावरच्या कमानीत जाऊन बसतो, ओल धरतो आणि खारी हवा उरलेलं काम करते. बाहेरचा रंग चांगला दिसत असताना आतला पत्रा अर्धा झालेला असतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय किंवा खड्ड्यावर घेतल्याशिवाय होकार देऊ नका. एक लोहचुंबक बरोबर ठेवा. रनिंग बोर्ड, चाकांच्या कमानी, दरवाज्यांच्या खालच्या कडा इथून ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. (काही गाड्यांचे बंपर आणि कमानीतली अस्तरं प्लॅस्टिकचीच असतात, तिथे चुंबकाला दोष देऊ नका.) मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकायला सांगा. घट्ट पत्र्याचा आवाज आणि कुजलेल्याचा आवाज यांतला फरक तुम्हालाही ऐकू येईल. ब्रेकच्या बारीक नळ्या मागच्या चाकांकडे जातात, त्यांच्यावर खवले आलेत का हे तर बघायलाच हवं. परशुराम घाटात त्या नळीचा भरवसा लागतो.

सायलेन्सरवरचा तांबूस रंग, नट-बोल्टवरचा गंज, हे मात्र आपल्याकडे सगळ्याच गाड्यांना असतं. त्यावरून गाडी नाकारू नका, भाव पाडायला वापरा.

आता तुमची आवडती, चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि वस्त्यांत शिरलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. किती गाड्या पाण्याखाली गेल्या तेही तुम्ही पाहिलं असेल. त्यांतल्या बऱ्याच विमा कंपन्यांनी निकालात काढल्या, भंगाराच्या भावात विकल्या, आणि कुणीतरी त्या धुऊन-पुसून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणल्या. तुम्ही बघितलेली गाडी त्यांतलीच आहे असं मी म्हणत नाही. चिपळुणातले उंचावरचे भाग कोरडे होते, आणि बुडालेल्या गाड्या काही चिपळुणातच राहिल्या नाहीत. पण 2016 ची, 38 हजार चाललेली, नुकती रंगवलेली आणि भावात एवढी खाली, या चार गोष्टी एकत्र आल्या की मला आधी पाणी आठवतं.

ते शोधायची रीत सोपी आहे. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एजंट सीट धुतो, डॅशबोर्ड पुसतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं शेवटचं वीतभर टोक कोण धुणार? तिथे चिखलाची रेघ किंवा मातकट डाग दिसला की नमस्कार करून निघा. मग पुढच्या सीटच्या सरकत्या रुळांवर गंज, डिकीतल्या स्टेपनीखालच्या खोलग्यात गाळ, पायपुसणीखालच्या कार्पेटचा वास. कार्पेट अगदी नवं असेल तर ते नवं का, हे विचारा. स्टेअरिंगखाली मोबाईलचा टॉर्च मारून वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी आहे का बघा. बुडालेल्या गाडीची वीज आज चालते आणि दोन वर्षांनी एकेक करून दगा देते. आधी काच वर जात नाही, मग ऐन घाटीत दिवे.

कागदावरही पाणी दिसतं. एजंटाकडे जुन्या विमा पॉलिसी मागा, मुद्दाम 2021-22 आणि 2022-23 च्या. नुकसानीचा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. मधेच गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली तरी तो शून्य होतो, म्हणून आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) मालक कितवा आहे तेही ताडून बघा. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती, असेल तर त्यात बोनस नसतोच, तेव्हा बोनसचा रकाना रिकामा म्हणजे चोरी असं समजू नका. आणि गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर दिला की आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी कळू शकतात. 2020 ला 61 हजारांची नोंद आणि आज 38 हजार, असे चमत्कार तिथे उघड होतात. तेही नको असेल तर ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. 38 हजारांत ते गुळगुळीत होत नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तर ती गाडी खरोखरच स्वस्त मिळतेय. पण माझा अंदाज विचाराल तर एजंट रॅम्पवर चढवायलाच टाळाटाळ करील.

दिरांच्या डिझेलबद्दल थोडक्यात. शाळेचं जाणं-येणं, डेरवणच्या फेऱ्या, अधूनमधून दापोली-खेड, असं धरून तुमची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटरच्या आसपास चालेल. तेवढ्यावर डिझेलमध्ये वर्षाला फार तर तेरा-चौदा हजार वाचतील. एक लाख दहा हजार चाललेल्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. शिवाय मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच किती दाबला गेला असेल त्याचा हिशेब नाही, आणि मुंबईसुद्धा समुद्रावरच आहे. दिरांना सांगा, ॲव्हरेज बघितलं, पटलं नाही. ओळखीतली गाडी घेण्यात आणखी एक दुखणं असतं, पुढे काही निघालं तर बोलता येत नाही आणि गणपतीत समोरासमोर बसायचं असतं.

राहिली कऱ्हाडची. मी असतो तर तिच्याच मागे लागलो असतो. 82 हजार म्हणजे दहा वर्षांत वर्षाला आठ हजारांच्या आसपास, अगदी साध्या घरगुती वापराची चाल. हजार सीसीच्या त्या के-सिरीज इंजिनाला टायमिंग चेन असते, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा खर्च नाही. सुटे भाग दापोलीत मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो. तुमच्या गावात राहून ही गोष्ट फार मोठी आहे. गाडी कितीही चांगली असो, एका सेन्सरसाठी ती रत्नागिरी किंवा कोल्हापूरला ओढून न्यावी लागली तर शाळेत पुन्हा स्कूटरवरच. बसायला उंच आहे, सासूबाईंना गुडघे फार न वाकवता चढता-उतरता येईल. खरचटलेल्या बाजूचं मला उलट समाधान वाटतं. मालकानं विकण्याआधी रंगरंगोटी केलेली नाही, जे आहे ते समोर आहे.

म्हणून डोळे झाकून घ्या असं मात्र नाही. घाटावरची गाडी म्हणजे कोरडी गाडी, हा आपल्याकडचा समज 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानं खोटा ठरवलाय. चिपळूणच्या गाडीला लावायच्या सगळ्या कसोट्या तिलाही लावा. जाताना दापोलीतला तुमचा मेकॅनिक बरोबर घ्या, त्याचा दिवसाचा रोज आणि जेवण द्या. पुढची पाच-सात वर्षं ती गाडी त्यालाच बघायची आहे, त्यामुळे तो विकणाऱ्याच्या बाजूनं बोलणार नाही. मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर थोडा संशय घ्या, कारण थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं तेच बघायचं असतं. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. मग कोयनानगरच्या दिशेनं एखादा चढ चढवा, एसी लावून. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानानं पुढे जात नाही, असं झालं तर क्लच प्लेट घासलीय, तेवढे पैसे कमी करून मागा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही शाबूत असली तरी त्या वयाचा टायर जुलैच्या ओल्या घाटीत मला नको.

आणखी एक विचारा. त्या काळातल्या खालच्या मॉडेलांना एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) बहुधा नसायचं. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. या गाडीत आहे की नाही ते मालकांना माहीत असेल. नसेल तर त्याच पैशांत ती असलेली गाडी मिळते का, यासाठी महिनाभर थांबायची माझी तरी तयारी असती. तुम्ही रोज हायवेला जाणार नाही हे खरं, पण डेरवणला जाताना मुंबई-गोवा महामार्गावर तुमच्या मागे-पुढे ट्रेलर असतात.

भाव. तुमच्याकडे 3 लाख आहेत म्हणून 3 लाखांची गाडी बघायची नाही. 2 लाख 50 हजारांवर थांबा. उरलेले 50 हजार पहिल्या दोन महिन्यांतच लागतात: नाव बदलणं, विमा, पूर्ण सर्व्हिस, बहुतेक दोन टायर, कदाचित बॅटरी. कऱ्हाडचे गृहस्थ 2 लाख 70 सांगताहेत, म्हणजे बोलायला जागा आहे. टायर आणि खरचटलेली बाजू धरून वीस हजार खाली येणं अवघड नाही. पैसे बँकेतून द्या.

कागदांचं फार लांबवत नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, मूळ आरसी, चालू पीयूसी, विमा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलनं थकली आहेत का ते गाडीचा नंबर टाकून बघता येतं, ती मालकांनीच भरायची. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी आहे, त्यामुळे नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा, नसेल तर त्यांच्याकडूनच बसवून घ्या. खरेदीनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नंबर एमएच-50 असला तरी महाराष्ट्रातलाच आहे, तो तसाच राहील. जुन्या मालकांचा नो क्लेम बोनस मात्र त्यांच्याबरोबर जातो, तुमचा हप्ता थोडा जास्त येईल. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे 2030 ला तपासणी करून पुढे पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल.

आता टिकवायचं. तुम्ही विचारलंत त्याचं निम्मं उत्तर पाण्यात आहे. गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवायची, वरून कमी धुतली तरी चालेल. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यानं गाडी धुतली म्हणजे मीठ चोळलं. तुमच्या विहिरीचं पाणी तसं असेल तर दापोलीत सर्व्हिसिंगवाल्याकडे महिन्यातून एकदा खालून प्रेशरनं मारून घ्या, चाकांच्या कमानी आतून मारायला सांगा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीनं गुहागरला गेलात तर परत आल्यावर हेच. आणि यजमान सुट्टीला आले की पाहुण्यांना घेऊन कर्द्याच्या वाळूवर गाडी उतरवायची हौस येईल. त्यांना चावी देताना सांगून ठेवा.

दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि रनिंग बोर्डाला छोटी भोकं असतात. आत गेलेलं पाणी तिथून निथळतं. ती बुजली की दरवाजा आतून हौदासारखा भरून राहतो. शेजाऱ्यांच्या दरवाज्याचं तेच झालं असणार. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, सगळी कामं काढता तेव्हा एक काडी घेऊन ही भोकंही मोकळी करा. काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते तिथे आंब्या-फणसाचा पाला साचतो, तो काढा. नाहीतर तिथलं पाणी आत पायाशी उतरतं आणि आपण दरवाज्याच्या रबराला दोष देत राहतो.

गाडी घेतल्या घेतल्या कुणीतरी म्हणेल की खालून रबर कोटिंग मारून घ्या. मारा, पण मे महिन्यात, गाडी धुऊन उन्हात पूर्ण वाळल्यावर, आणि गंज खरवडून त्यावर प्रायमर लावल्यावर. गंजावरच काळा थर फासला तर ओल आत कोंडते आणि पत्रा लपून सडतो. निथळायची भोकं त्या थरानं बुजवली नाहीत ना, हे उभं राहून बघा. प्लॅस्टिकचं कव्हरही असंच फसवं, पावसाळ्यात त्याच्या आत घाम धरतो. त्यापेक्षा चारी बाजूंनी उघडी, वर पत्रा असलेली शेड बरी. ती पागोळ्यांखाली नको आणि माडाखाली तर नकोच. नारळाचं राहू द्या, नुसती झावळ पडली तरी काच जाते.

पावसाळ्यात शाळेला सलग सुट्टी आली आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक धरून बसतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन चोपडा. पाऊस असला तरी आठवड्यातून एकदा एसी लावून फेरी मारा, आतली बुरशी आणि काचेवरचं धुकं दोन्ही कमी होतं. टाकी फार दिवस रिकामी ठेवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि एप्रिल 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्याचा विचार करून बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला बघून घ्या. बॉनेटखाली उंदरांनी घरटं केलंय का हेही अधूनमधून बघा, वायर त्यांना फार आवडते.

ब्रेक ऑइल हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. तेही हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. ओल शोषलेलं ऑइल उतारावर ब्रेक तापले की आत उकळतं, आणि पेडल मऊ पडून खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला, मेकॅनिक "चालतंय अजून" म्हणाला तरी. कुंभार्ली किंवा परशुराम घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, गाडी न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं नाही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाला.

राहिले तुमच्या वाटेवरचे दोन वहाळ. साकवावरून पाणी वाहत असेल तर त्या दिवशी शाळेला उशीर होऊ द्या. लाल पाण्यात रस्ता आहे की वाहून गेलाय ते दिसत नाही, आणि वाहतं पाणी छोटी गाडी सहज ढकलतं. साचलेल्या पाण्यात चुकून गाडी बंद पडलीच तर पुन्हा चावी मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर त्या एका चावीनं आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा धरत नाहीत. बॅटरीची वायर काढा, चार जणांना बोलावून ढकलत वर घ्या, आणि मेकॅनिकनं स्पार्क प्लग काढून बघितल्याशिवाय ती सुरू करायची नाही.